सहीनंतर कळणारी किंमत

इंदूरमधील एका निवृत्त बँक कर्मचाऱ्याचा करारनामा काही महिन्यांपूर्वी माझ्या वाचनात आला. निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतून त्यांनी खाद्यपदार्थांच्या एका साखळीची फ्रँचायझी घेतली होती. माहितीपत्रकात दोनच आकडे ठळक होते : आठ लाख रुपये प्रवेश शुल्क आणि विक्रीवर पाच टक्के रॉयल्टी. दुकान सुरू झाल्यावर मात्र जाहिरात निधीसाठी आणखी दोन टक्के, बिलाच्या सॉफ्टवेअरचे मासिक भाडे, तपासणीचा खर्च आणि ठरावीक पुरवठादाराकडूनच चढ्या भावाने माल घेण्याची सक्ती, असे एकेक ओझे वाढत गेले. या साऱ्याला करारात एकाच वाक्याचा आधार होता : कंपनीच्या कार्यपुस्तिकेत वेळोवेळी ठरणारी शुल्के बंधनकारक राहतील. ती कार्यपुस्तिका त्यांना मिळाली सही केल्यानंतर.

‘सही तुमचीच आहे ना?’ हा प्रश्न अशा माणसाला सर्वप्रथम ऐकावा लागतो. कायदा मात्र सहीपाशी थांबत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम १७ नुसार, फसवण्याच्या हेतूने वस्तुस्थिती सक्रियपणे दडवणे हे कपट ठरते. कलम १८ नुसार हेतू नसतानाही केलेले चुकीचे कथन संमती दूषित करते. अशा संमतीवर उभा राहिलेला करार फसलेल्या पक्षाला रद्द करता येतो.

येथेच एक खाच आहे. केवळ मौन बाळगणे म्हणजे सर्वसाधारणपणे कपट नव्हे. शिवाय चुकीचे कथन किंवा कपटी मौन असले तरी, साधारण दक्षता घेऊन सत्य कळू शकले असते, तर करार रद्द करता येत नाही, असे कलम १९ चा अपवाद सांगतो. म्हणून खरा वाद एका तपशिलावर येऊन ठेपतो : कार्यपुस्तिका सहीपूर्वी मागितली होती का आणि कंपनीने ती नाकारली का? माहितीपत्रक, ईमेल आणि विक्री प्रतिनिधीचे संदेश जपून ठेवण्याचे मोल येथे कळते. लेखी कराराविरुद्ध तोंडी पुरावा सहसा चालत नाही. कपट सिद्ध करण्यासाठी मात्र तो देता येतो.

करार रद्द करणे हा एकमेव मार्ग नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. रद्द केल्यास मिळालेले लाभ परत करावे लागतात आणि दुकानावर केलेला खर्च अडकून पडतो. कलम १९ दुसरी वाटही देते : करार चालू ठेवून, कथन खरे असते तर आपण ज्या स्थितीत असतो त्याच स्थितीत ठेवावे, अशी मागणी करता येते. म्हणजे दुकान टिकते आणि शुल्क सांगितले होते तेवढेच राहते. मुदतीआधी बाहेर पडल्याबद्दल कंपनीने जबर दंड लावला असेल, तर कलम ७४ नुसार न्यायालय वाजवी भरपाईच देऊ करते. करारातला आकडा ही केवळ कमाल मर्यादा असते. मात्र छुपे शुल्क उमगल्यावरही निमूटपणे भरत राहणे ही मूक संमती समजली जाऊ शकते. भरणे अपरिहार्य असेल, तर लेखी हरकत नोंदवूनच भरावे.

दाद मागायची कुठे? बहुतेक करारांत लवादाचे कलम असते. कपटाचा साधा आरोप केल्याने लवाद टळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अय्यासामी प्रकरणात स्पष्ट केले. तथापि, निकालात हितसंबंध असलेल्या कंपनी अधिकाऱ्याने एकट्याने लवाद नेमणे ग्राह्य नाही, हे २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालाने ठरले. लवादाचे कलम नसेल आणि दावा तीन लाखांहून कमी नसेल, तर वाणिज्य न्यायालय आहे. तातडीचा अंतरिम दिलासा मागायचा नसेल, तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे. दाव्याची मुदत साधारणतः तीन वर्षांची. कपट असेल तर ती कपट उघड झाल्यापासून मोजली जाते. ग्राहक आयोगाचे दार अरुंद आहे, कारण व्यापारी हेतूने घेतलेली सेवा तेथे बसत नाही. स्वयंरोजगारातून उपजीविका एवढाच अपवाद आहे. पोलिसांत तक्रार करण्याचा मोह होतो, पण सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू होता हे दाखवता आले नाही, तर दिवाणी वादाला फौजदारी रूप देणे न्यायालयांना मान्य नसते.

या वाटा आहेत, पण त्या साऱ्या नुकसान झाल्यानंतरच्या. विषम बळाच्या पक्षांमधील अन्याय्य अटी न्यायालय मोडू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ब्रोजोनाथ गांगुली खटल्यात म्हटले. पण दोन्ही पक्ष व्यावसायिक असतील तर हे तत्त्व लागू न होण्याची शक्यताही त्याच निकालात सांगितली. एका दुकानापुरते भांडवल असलेला निवृत्त माणूस आणि देशभर पसरलेली साखळी, दोघेही कागदावर ‘व्यावसायिक’च!

अमेरिकेत १९७९ पासून प्रकटीकरणाचा नियम आहे. आज त्यानुसार सर्व शुल्कांचा तपशील सही किंवा पैसे देण्याच्या किमान १४ दिवस आधी द्यावा लागतो. मलेशियाने १९९८ मध्ये स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे २००३ मध्ये सेवाकर आकारण्यासाठी फ्रँचायझीची व्याख्या झाली. २०१५ च्या वाणिज्य न्यायालय कायद्यातही फ्रँचायझी करारांचा नामोल्लेख आहे. अन्याय्य अटींविषयी विधी आयोगाने २००६ मध्ये १९९ वा अहवाल दिला. त्यातील विचार २०१९ च्या ग्राहक कायद्यात डोकावला, तोही ग्राहकापुरताच. कर घेताना आणि खटला चालवताना राज्यव्यवस्था फ्रँचायझी ओळखते, संरक्षण देताना मात्र ओळखत नाही.

फार मोठी यंत्रणा नको. सर्व शुल्कांची एक पानभर यादी, ती वाचण्यासाठी दोन आठवडे, आणि यादीत नसलेले शुल्क वसूल करण्यास मनाई, एवढे तीन नियमही पुरेसे ठरतील. इंदूरच्या त्या गृहस्थांना मी लेखी हरकत नोंदवून वाटाघाटी करण्याचा सल्ला दिला. निघताना ते एवढेच म्हणाले, “हे पान आधी दिले असते, तर मी दुकान घेतलेच नसते.” हे पान आधी का दिले जात नाही, याचे उत्तरही त्याच वाक्यात आहे.