भिंतीवरचा पहारेकरी उतरवितांना

गिरगांवांतील आमच्या चाळीच्या भिंती चुन्याच्या. दारावर चिकटपट्टीनें लाविलेला, चोराची वर्दी देणारा सेन्सर आम्हीं एकदां हिसका देऊन ओढला, तों तळहाताएवढा पोपडाच हातांत आला! (वाचकांनीं हंसूं नये.) दुसरा होता तो नातवंडांच्या उंचीच्या पेन्सिलखुणांलगत. तेथें घाई केली नाहीं. प्रथम मोबाइलवरून पहारा बंद केला. कांहीं यंत्रें जागेवरून हालवितांच बोंब ठोकतात. मग केस वाळविण्याच्या यंत्राची मंद ऊब कडेकडेनें फिरविली, फार नव्हे, कारण आंत बॅटरी असते. पट्टी मऊ होतांच जाड दोरा मागें घालून करवतीसारखा ओढला. उरलेला चिकट थर बोटानें चोळून काढला. तेल लाविलें नाहीं, चुना तें पितो. एक खूण किंचित् पुसट झाली, पण तारीख वाचतां येते.