पाझर तलावाची तासिका

सकाळी ९. डबा भरायच्या आधी दहावीच्या वह्या तपासल्या. रांके या जर्मन इतिहासकारावरची टीप सगळ्यांची सारखीच: मूळ दस्तऐवज तपासले पाहिजेत. गाइडमधून उतरवलेली. मूळ दस्तऐवज मात्र एकाही मुलाने पाहिलेला नाही. इतकी वर्षं मीच अशा टिपा लिहून देत आलो, त्यामुळे जिवाला लागतं.

११. परिपाठ, हजेरी.

११:४०. दहावी अ. फळ्यावर एवढंच लिहिलं: १९७२. दुष्काळात काय खाल्लं, कुठे कामाला गेलात, मजुरी किती मिळाली, एवढं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून यायला सांगितलं होतं. एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी आजीलाच घेऊन आली. आजींनी पिशवीतून खडी फोडायची हातोडी काढली. दांडा बोटांच्या जागी झिजून खोलगट झालेला. ती वर्गभर हातोहात फिरली.

"दुष्काळी कामावर खायला सुकडी मिळायची गुरुजी, म्हणून पोरं जगली."

गावाबाहेरचा पाझर तलाव त्याच दुष्काळी कामावर झाला. पोरं तिथे पोहतात, पण हे कुणाला ठाऊक नव्हतं. मग वाद पेटला. एकाचे आजोबा मजुरी एक सांगतात, दुसऱ्याची आजी वेगळीच. खरं कोणाचं? आजी म्हणाल्या, "खड्ड्याच्या मापावर पैसं. ज्याचं जसं माप, तसं." मागून एक पोरगा उठला, "सर, मस्टर बघायला पाहिजे." मस्टर म्हणजे कामावरच्या हजेरी-मजुरीची नोंदवही.

रांके त्याला आत्ता कळला.

१:३०. शिक्षकखोली. "पोर्शन कधी संपवणार? पेपर चाळीस गुणांचा आहे." काळजी खोटी नाही. पण इतिहास रोजच्या जगण्याशी जोडणारा उपयोजित इतिहासाचा धडा पुस्तकातच आहे. आम्ही तोही पाठ करून घेतो.

२:४५. पुन्हा दहावी, राज्यशास्त्र. इतिहास आणि राज्यशास्त्राचं पुस्तक एकच, तरी शिकवताना आपण मध्ये भिंत घालतो. आज घातली नाही. राज्याने रोजगार हमी कायदा १९७७ मध्ये केला, केंद्राने २००५ मध्ये. कामाचा हक्क कुठून आला, हे सांगायला सकाळची हातोडी पुरली.

४:३०. जुनी मस्टरं पाहू द्यावीत म्हणून तहसीलदारांना अर्ज. मजकूर मुलांचा, मी फक्त शुद्धलेखन पाहिलं.

१९७२ ला विशीत असलेली माणसं आता सत्तरीपार गेली आहेत. इतिहास शिकवणाऱ्यांनो, तुमच्या वर्गातल्या मुलांना यंदाच त्यांच्याकडे पाठवा.