आधी उपकारांची उजळणी, मग कबुली

यरुशलेमचा तट ५२ दिवसांत उभा राहिला आणि पुढच्याच महिन्यात तो बांधणारे लोक गोणपाट नेसून, डोक्यात माती घालून एकत्र जमले. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातली, इराणी अमलाखालची ही सभा बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकात नवव्या अध्यायात आहे. पश्चात्तापाची सभा म्हटल्यावर आधी पापांचा पाढा वाचला जाईल, अशी आपली अपेक्षा असते. प्रार्थना म्हणणारे लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, मात्र सुरुवात करतात विश्वाच्या निर्मितीपासून. मग मूळपुरुष अब्राहाम, मिसरातून (इजिप्तमधून) सुटका, समुद्रातून निघालेली वाट, सिनाय पर्वतावर मिळालेले नियम. देवाने काय केलं हे सांगितल्यावरच ते माणसांनी काय केलं याकडे वळतात. हा क्रम निव्वळ प्रास्ताविक नाही. त्या महिन्याच्या पहिल्या दिवशी एज्रा शास्त्र्याने पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचलं, तेव्हा लोक रडू लागले होते. पण त्यांना आवरण्यात आलं. घरी जा, गोडधोड खा, ज्याच्याकडे काही नाही त्याला वाढून पाठवा, असं सांगितलं गेलं. मग वाळवंटातल्या दिवसांची आठवण जागवणारा मंडपांचा सण झाला आणि तो आटोपल्यावर, २४ तारखेला, कबुली. नुसता नियम ऐकून येणारं रडू धास्तीचंही असू शकतं. आपल्याला इथवर कोणी सांभाळलं हे उमगल्यावर येणारी खंत वेगळी असते.

यावर कोणी म्हणेल, उपकार आठवून देणं म्हणजे सावकाराने वही उघडणं. त्यातून माणूस ओशाळतो, सुधारत नाही. पण या प्रार्थनेतला हिशेब सावकारी नाही. वाळवंटात पूजेसाठी सोन्याचं वासरू करून झाल्यावरही वाट दाखवणारा मेघस्तंभ निघून जात नाही, मान्ना हे देवाने पुरवलेलं अन्न थांबत नाही. चाळीस वर्षांत अंगावरचे कपडे विरले नाहीत की पाय सुजले नाहीत, हेही लेवी आवर्जून सांगतात. सावकार हप्ता चुकला की हात आखडतो. इथे चुकल्यानंतरच्याही उपकारांची नोंद आहे. म्हणून ही आठवण कर्जाचं ओझं वाढवत नाही, ‘आमचा नाइलाज होता’ ही सबब मात्र काढून घेते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. देव आपल्या पाठीशी होता, या आठवणीने माज चढतो. यिर्मया संदेष्ट्याने मंदिराच्या दारात उभं राहून हेच सुनावलं होतं: वास्तू पवित्र म्हणून तुम्ही वाचाल असं समजू नका, शिलोच्या जुन्या पवित्रस्थानाची काय गत झाली ते बघून या. यहुद्यांच्या रोजच्या सकाळच्या प्रार्थनेत नहेम्याच्या याच अध्यायातला भाग आहे, आणि तो पाठलाग करणारे समुद्रात बुडाले तिथे थांबतो. बंडखोरी मूळ मजकुरात त्यानंतर येते. (कबुलीला त्या प्रार्थनेत दुसरी जागा आहे, म्हणून दोष देता येत नाही.) पण गोष्ट तिथेच सोडायचा मोह कोणालाही होईल. लेवी ती सोडत नाहीत. वासरू, मारलेले संदेष्टे, असं करत ते स्वतःवर येतात: देव न्यायी, दोषी आम्हीच. कबुली मोघम राहू नये म्हणून लेखी करार होतो. शब्बाथाला, म्हणजे विसाव्याच्या दिवशी, खरेदी करायची नाही, दर सातव्या वर्षी येणं सोडून द्यायचं. (कोकणातले बेने इस्रायली शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, तोच हा दिवस.) येणं सोडण्याचं कलम उगाच आलेलं नाही. तट बांधला जात असतानाच गरिबांनी तक्रार केली होती की कर्जापायी शेतं, द्राक्षमळे गेले आणि मुलीही दासी झाल्या. मिसरातल्या गुलामीतून सुटल्याची गोष्ट सांगणाऱ्यांच्याच घरात भाऊबंदांची लेकरं राबत होती.

हा करार टिकला का? फारसा नाही. तट बांधवून घेणारा अधिपती नहेम्या इराणच्या राजाकडे जाऊन परतला तेव्हा लेव्यांचा वाटा थांबला होता, ते पोटापाण्यासाठी शेतावर गेले होते आणि सोर या बंदराचे व्यापारी शब्बाथाला शहरात मासळी विकत होते. त्याने वेशी लावून घेतल्या. व्यापारी एकदोन रात्री तटाबाहेर पडून राहिले, तेव्हा त्यांनाही दम भरला. प्रतिष्ठितांना सुनावताना त्याने पूर्वजांची आठवण काढली खरी, पण फक्त त्यांच्या अशाच वागण्याने कोसळलेल्या अरिष्टाची. मिसर नाही, मान्ना नाही. या वेळी लोकांची कबुलीही नोंदलेली नाही. वेशींवर पहारा बसला, आधी त्याच्या माणसांचा, मग लेव्यांचा.