खाड्यांची वाट: रेवस ते रेडी

महाराष्ट्राचा किनारा जुन्या मोजणीनुसार 720 किलोमीटरचा. पण त्याला धरून सलग जाणारा रस्ता नाही. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, कर्ली या नद्या सह्याद्रीवरून उतरतात, खाडी होतात आणि रस्ता अडवतात. रेवस ते रेडी सागरी महामार्गाची कल्पना मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांच्या काळातली, 1980 च्या सुमाराची. खाड्यांवरचे काही मोठे पूल मात्र अजूनही व्हायचे आहेत. पाठीवर पिशव्या अडकवून दुचाकीवर निघालेल्या जोडप्याला ही अडचण वाटत नाही, कारण आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड इथे गाडीसकट पलीकडे नेणारी फेरीबोट मिळते. दाभोळची खाडी पाव तासात ओलांडली जाते. तीच रस्त्याने ओलांडायची तर आत पार चिपळूणपर्यंत वळसा पडतो. घाईच्या माणसाने ही वाट धरू नये.

उत्तरेकडून निघाल्यास मुरूडजवळ पहिले खरे रान लागते ते फणसाडचे. जंजिऱ्याच्या नवाबाने शिकारीसाठी राखलेल्या या जंगलाचे 1986 मध्ये अभयारण्य झाले. समुद्र हाकेच्या अंतरावर असतानाही इथल्या उंच झाडांवर शेकरू दिसते. शिकारीच्या हौसेने जंगल वाचल्याची उदाहरणे देशात आणखीही आहेत. फणसाड त्यांपैकी एक.

सावित्रीच्या मुखाशी, रत्नागिरी जिल्ह्याच्या हद्दीत वेळास आहे. एरवी नाना फडणवीसांचे गाव म्हणून ओळखले जाणारे हे गाव आता ऑलिव्ह रिडले कासवांमुळे प्रसिद्ध आहे. मादी थंडीच्या दिवसांत रात्रीची किनाऱ्यावर येते, मागच्या वल्ह्यांनी साधारण दीड फुटाचा, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद असा खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून जागा चोपते आणि परत जाते. पिल्लांशी तिचा पुढे संबंध येत नाही. पूर्वी ही अंडी माणसे खाण्यासाठी किंवा विकण्यासाठी उकरून नेत. उरलेली कुत्रे आणि कोल्हे संपवत. 2002 मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून संरक्षणाचे काम सुरू केले. घरटे सापडले की अंडी जाळीच्या कुंपणात आणून तसाच खड्डा करून पुरायची आणि तारखेची पाटी लावायची, अशी पद्धत बसली. पिल्ले बाहेर यायची वेळ झाली की वर टोपली पालथी घालतात. वाळू उबदार असेल तर माद्या अधिक निपजतात, थंड असेल तर नर. त्यामुळे खड्ड्याची जागा आणि खोली नीट पाळावी लागते.

दीड-दोन महिन्यांनी टोपली उचलली की वाळूतून काळसर, तळहाताच्या निम्म्याएवढी पिल्ले वर आलेली असतात. त्यांना थेट पाण्यात सोडत नाहीत. लाटांपासून काही अंतरावर ठेवतात आणि ती आपली आपण चालत जातात. सकाळ-संध्याकाळचे हे दृश्य पाहायला फेब्रुवारी ते एप्रिल लोक येतात, घराघरांत उतरतात, पडवीत झोपतात. अंड्यांचे पैसे पूर्वी एकदाच मिळत. पाहुण्यांच्या जेवणाचे दरवर्षी मिळतात. संवर्धन टिकण्यामागे हा हिशेब मोठा आहे, आणि तो मान्य करण्यात कमीपणा काही नाही. किनाऱ्यावर तंबू ठोकून प्रखर दिवे लावणाऱ्या हौशी मंडळींनी मात्र लक्षात घ्यावे, की उजेड दिसला की मादी मागे फिरते आणि पिल्ले वाट चुकतात.

ही कासवे पुढे कुठे जातात, हे कळायला 2022 उजाडले. त्या वर्षीच्या जानेवारीपासून वेळास, आंजर्ले आणि गुहागर इथल्या काही माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवली गेली. पुढच्याच वर्षी गुहागरहून सोडलेली ‘बागेश्री’ दक्षिणेला वळसा घालून श्रीलंकेच्या बाजूने बंगालच्या उपसागरात पोचली. उलट दिशेचा पुरावा 2025 च्या जानेवारीत मिळाला. ओडिशात 2021 मध्ये खूणपट्टी लावलेली मादी गुहागरला अंडी घालताना आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवे वेगळी, या समजुतीला त्यामुळे धक्का बसला.

जयगडच्या पुढे वाट कातळसड्यांवर चढते. पावसाळा सरला की हे सडे ओसाड दिसतात, पण राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर सुमारे 18 मीटर लांब हत्ती कोरलेला आहे आणि त्याच्या आकृतीत आणखी कितीतरी प्राणी आहेत. शार्क आणि पाकट यांसारखे समुद्रातले जीवही. कोकणच्या अशा कातळशिल्पांची नावे 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या समुद्राला 1987 मध्ये सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. मासेमारीवर बंधने येतील म्हणून स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला, आणि तो समजण्याजोगा आहे. तारकर्ली-देवबागच्या संगमावर कुबडवाले डॉल्फिन दिसतात. इथे त्यांना गादा म्हणतात. ते किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात माशांमागे फिरतात, म्हणून होडीतून सहज सापडतात. चार होड्यांनी चहूबाजूंनी घेरले की ते बुडी मारून निघून जातात. इंजिन बंद करून थांबणारा नाखवा मिळाला तर पाहणाऱ्यांचे आणि डॉल्फिनचे, दोघांचेही नशीब.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटातल्या बायका वल्ही मारत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. समोर समुद्रात वेंगुर्ला रॉक्स ही खडकाळ बेटे आहेत. तिथल्या अंधाऱ्या गुहांत भारतीय पाकोळ्या लाळेची घरटी चिकटवतात आणि वटवाघळांसारखी आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतात. या घरट्यांचे सूप करतात, म्हणून बांबूच्या परांच्या बांधून ती चोरली जात आणि तस्करीने बाहेर जात. गेल्या पाव शतकात पक्षिमित्रांनी आणि वनखात्याने पाठपुरावा केल्यावर त्याला आळा बसला. बेटांवर उतरण्याचा हट्ट धरू नये. रेडीपुढे तेरेखोलची खाडी येते, आणि पलीकडे गोवा.