दूध की कूस?

तान्ह्या बाळाला आई का हवी असते? १९५०च्या दशकात अमेरिकेतले बहुतेक मानसशास्त्रज्ञ म्हणत, दुधासाठी. भूक लागते, आई येते, पोट भरतं. हळूहळू पोट भरल्याचं सुख आणि आई यांची सांगड बसते आणि आईच हवीशी वाटू लागते. हिशेब सरळ होता. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या हॅरी हार्लो यांना मात्र तो पटेना. निमित्त झालं एका फडक्याचं.

मॅडिसनच्या त्यांच्या प्रयोगशाळेत ऱ्हीसस माकडं होती. उत्तर भारतात देवळांभोवती आणि रेल्वे स्टेशनांवर दिसणारी लाल तोंडाची माकडं, तीच ही. त्या काळी ती अमेरिकेत भारतातूनच मोठ्या संख्येनं जात. प्रयोगशाळेतली पिल्लं जन्मानंतर काही तासांतच आईपासून वेगळी करून बाटलीच्या दुधावर वाढवली जात. ती धडधाकट वाढत. पण पिंजऱ्यात अंथरलेली मऊ लंगोटाची घडी धुवायला काढली, की थयथयाट करत. त्या कापडानं तर त्यांना कधी दूध पाजलं नव्हतं!

शंका पडताळायची तर एक अडचण होती. खऱ्या आईकडे दूध आणि कूस दोन्ही एकाच जागी. पिल्लू बिलगलं ते कशासाठी, हे ओळखायचं कसं? हार्लोंनी दोन्ही वेगळी केली. त्यांनी दोन खोट्या आया बनवल्या. एक नुसत्या तारेच्या जाळीची. दुसरी लाकडी ठोकळ्याची, वर स्पंज रबर आणि त्यावर टर्किश टॉवेलसारखं कापड. ऊब दोघींनाही होती, मागे लावलेल्या दिव्याची. आठ पिल्लांच्या पिंजऱ्यांत दोन्ही आया ठेवल्या. चौघांना दुधाची बाटली तारेच्या आईकडे, चौघांना कापडाच्या.

जुना हिशेब बरोबर असता, तर पहिल्या चौघांनी तारेच्या आईला बिलगायला हवं होतं. पण ती पिल्लं तिच्याकडे जात, दूध पीत आणि कापडाच्या आईकडे परतत. दोन्ही गटांतली पिल्लं दिवसाचे पंधरा-पंधरा तास आणि त्याहूनही जास्त वेळ कापडालाच चिकटून असत. एका प्रसिद्ध छायाचित्रात पिल्लू मागच्या पायांनी कापडाची आई धरून, अंग ताणून तारेच्या आईचं दूध पिताना दिसतं.

पुढची परीक्षा भीतीची. पिंजऱ्यात ढोल वाजवणारं यांत्रिक अस्वल सोडलं. पिल्लू धावत कापडाच्या आईला बिलगलं, तिच्यावर अंग घासलं, आणि थोड्या वेळानं मान वळवून अस्वलाकडे पाहू लागलं. अनोळखी खोलीतही तसंच. ती आई असली, तर पिल्लू तिला धरून धीर गोळा करी आणि मग खोलीतल्या वस्तू चाचपून पाही. नसली, तर अंग आवळून जागीच बसे.

कापडाच्या पहिल्या आईचा चेहरा तयार होण्याआधीच तिचं पिल्लू जन्मलं होतं, म्हणून तिला डोक्याच्या जागी नुसता गुळगुळीत गोळा होता. सहा महिन्यांनी त्याला रंगवलेल्या चेहऱ्यांच्या आया दिल्या. पिल्लानं त्यांची डोकी फिरवून कोरी बाजू आपल्याकडे केली. त्याच्या लेखी आई अशीच दिसायची.

१९५८ मध्ये हार्लोंनी हे निष्कर्ष मांडले. पण कापडाच्या कुशीत वाढलेली पिल्लं मोठी झाली, तेव्हा वेगळंच दिसलं. त्यांना कळपात मिसळता येईना. त्यांतल्या काही माद्यांना पिल्लं झाली, तर त्या त्यांच्याकडे ढुंकून पाहत नसत, काही तर चावत. कापडानं धीर दिला होता. पण ते कधी रागावलं नव्हतं, खेळलं नव्हतं, हाकेला ओ देत नव्हतं.

पुढे हार्लोंनी काही पिल्लांना सहा-सहा महिने पूर्ण एकटं ठेवलं. या क्रौर्याबद्दल त्यांच्यावर कठोर टीका झाली, ती रास्तच आहे. ही पिल्लं कोपऱ्यात अंग मुडपून झुलत राहत. नंतर हार्लो आणि स्टीफन सुओमी यांनी त्यांच्या सोबतीला तीन महिन्यांची साधी पिल्लं सोडली. त्या वयात मारामारी येत नाही. ही छोटी पिल्लं जवळ गेली आणि त्यांनी पहिलं काम केलं ते बिलगण्याचं, मग हळूहळू खेळ सुरू केला. काही महिन्यांत एकटी वाढलेली पिल्लंही खेळू लागली.