सोरा, गंधक आणि परवाना

रंगाईचे केमिकल आणि आतषबाजीचे केमिकल यांचा बाजार एकच. मुंबईत वडगादीला आम्ही कापडवाले रंग, तुरटी, हायड्रोस घ्यायला जातो. त्याच बाजारात गंधक, सोरा, बेरियमचे क्षार आणि अ‍ॅल्युमिनियमची भुकटीही विकली जाते. छपाईतल्या काळ्या रंगासाठी, म्हणजे अ‍ॅनिलिन ब्लॅकसाठी, क्लोरेट लागते. फटाकेवाल्यालाही एके काळी तेच लागे. म्हणून आतषबाजीचा कायदा हा फक्त फटाकेवाल्यांचा प्रश्न आहे असे समजून आपल्या व्यापारी बंधूंनी पान उलटू नये.

फटाक्याचा कारखानदार वकील ठेवतो, त्याचे निभावते. अडचण आहे ती हौशी माणसाची आणि लहान आतषबाजाची. भाच्याच्या लग्नात स्वतःच्या हाताने चार अनार करून लावावेत असा शौक असणारे लोक गावोगाव होते. जत्रेत, उरुसात, लग्नात दारूकाम करणारी घराणी होती. सोरा आणि गंधक गांध्याच्या दुकानात तोळ्याने मिळे, कोळसा घरचा, कागदाचे नळे बायका-मुले वळीत. हा हुन्नर जुना आहे. सोरा शुद्ध करण्याची रीत हसन अल-रम्माह याने तेराव्या शतकात अरबीत लिहून ठेवली. विजयनगरच्या महानवमीची आतषबाजी १४४३ साली अब्दुर रज्जाक या इराणी वकिलाने पाहिली व तिची नोंद केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील प. कृ. गोडे यांनी तर हिंदुस्थानातील आतषबाजीच्या इतिहासावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १८८४ च्या स्फोटक कायद्यात बंदुकीच्या दारूबरोबर शोभेची दारूही ‘स्फोटक’ या व्याख्येत बसते. त्याखालचे सध्याचे नियम २००८ चे. शोभेची दारू बनवायची तर परवाना पाहिजे. एका वेळी १५ किलोपर्यंतचा परवाना जिल्हाधिकारी देतात, त्यापुढचे काम ‘पेसो’ या केंद्रीय खात्याकडे, ज्याचे मुख्य कार्यालय नागपूरला आहे. ‘विकत नाही, घरच्या लग्नापुरते करतो’ हे उत्तर पोलिसांपुढे चालत नाही.

खरी मेख १९०८ च्या स्फोटक पदार्थ कायद्यात आहे. त्यात ‘स्फोटक पदार्थ’ म्हणजे तयार माल तर आहेच, पण तो बनवण्याचे साहित्यही त्यातच धरले आहे. संशयास्पद परिस्थितीत असा माल जवळ सापडला, तर तो कायदेशीर कामासाठी होता हे दाखवण्याचे ओझे ज्याच्याकडे सापडला त्याच्यावर येते. शिक्षा दहा वर्षांपर्यंत. खटला चालवण्यास जिल्हाधिकाऱ्यांची संमती लागते, एवढाच काय तो आडोसा. ज्याच्या घरात दोन किलो गंधक आहे आणि पावती नाही, त्याने काय दाखवायचे? शेतकऱ्याकडे तेच गंधक फवारणीचे औषध असते. माल तोच, पण कोणाच्या घरात सापडला यावर त्याचा अर्थ बदलतो. आमच्या वाचकांना याहून अधिक सांगायला नको.

गंधक आणि क्लोरेट यांचे मिश्रण असलेली स्फोटके बनवण्यास व बाळगण्यास २७ जानेवारी १९९२ च्या अधिसूचनेने बंदी आहे. ही बंदी आम्हाला पटते. ते मिश्रण नुसत्या घर्षणाने पेट घेते, आणि स्वस्तात पडते म्हणून गरीब कारागीरच त्याकडे वळत असे. बोटे गमावलेली माणसे जुन्या आतषबाजांत शोधावी लागत नसत.

बेरियमची गोष्ट वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात बेरियमच्या क्षारांना मनाई केली, ई-कॉमर्सवरून फटाके विकणे थांबवले आणि कमी धुराचे ‘ग्रीन’ फटाकेच चालतील असे सांगितले. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी बेरियमबाबत पुन्हा ताकीद दिली. हेतू हवा स्वच्छ राहावी हा, त्याला कोण नाही म्हणेल? पण ग्रीन फटाक्याचे सूत्र ‘नीरी’ या संस्थेशी करार करूनच मिळते. नीरी नागपूरला, पेसोही नागपूरला, आणि आमचा आतषबाज कुठल्या तरी तालुक्याच्या गावी, ज्याला अर्जाचा इंग्रजी नमुना वाचता येत नाही. शिवकाशीचा कारखानदार हे सोपस्कार पार पाडतो. लहान माणूस एक तर धंदा सोडतो, नाही तर दार लावून तोच धंदा करतो.

दार लावून केलेल्या धंद्याचे काय होते ते पाहा. ८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडच्या तळवडे भागात वाढदिवसाच्या केकवर लावण्याच्या ठिणग्यांच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या विनापरवाना कारखान्यात आग लागली. त्याच दिवशी सहा स्त्रिया जळून गेल्या. १ एप्रिल २०२५ ला गुजरातेत डीसा येथे फटाक्यांच्या गोदामात स्फोट होऊन २१ माणसे दगावली. त्या गोदामाच्या परवान्याची मुदत संपलेली होती. मजूर मध्य प्रदेशातून पोटासाठी आलेले.

अमेरिकेत हौशी आतषबाजांचे संघ आहेत. तेथेही २००२ च्या कायद्याने स्फोटके घेणाऱ्या प्रत्येकाला परवाना लागू झाला. पण स्वतःच्या शौकासाठी, धंदा न करता, बनवणाऱ्याला केंद्रीय कायदा उत्पादकाचा परवाना मागत नाही. साठवणीचे नियम मात्र कडक, आणि राज्यांचे कायदे निराळे. हौशी रॉकेटवाल्यांनी तर आपल्या इंधनाला स्फोटक म्हणू नये म्हणून सरकारवर दावा लावला आणि २००९ साली तो जिंकला. आपल्याकडे असे भांडायला संघ नाही, आणि एकट्या आतषबाजाला कोर्टाची पायरी परवडत नाही. निदान १५ किलोच्या परवान्यासाठी दहा-बारा घराण्यांनी गावाबाहेर जागा पाहून, एकत्र वकील करून अर्ज करावेत. आमच्या मते ते अवघड असले तरी अशक्य नाही.

केमिकलच्या व्यापाऱ्यांनीही जपावे. क्लोरेट, बेरियम, धातूची भुकटी सुटी मागणाऱ्या अनोळखी गिऱ्हाइकाला ‘पाव किलोच तर आहे’ म्हणून बिलाशिवाय देऊ नये. बिलावर नाव, पत्ता आणि कामाचे स्वरूप लिहावे, परवाना असेल तर त्याची नक्कल ठेवावी. उद्या चौकशी आली तर तीच वही दुकानदाराच्या आणि खऱ्या कारागिराच्याही उपयोगी पडेल.

दिवाळीत हंगामी फटाका स्टॉल टाकणाऱ्या आपल्या तरुणांसाठी एवढेच: नियमाप्रमाणे दोन स्टॉलमध्ये ३ मीटर अंतर हवे, स्टॉल समोरासमोर नकोत, छप्पर व भिंती न पेटणाऱ्या वस्तूच्या हव्यात, आणि तेलाचा दिवा आत चालत नाही. कापडी मंडपाचे कापड आमच्याकडून न्यायला येणाऱ्यांना आम्ही हेच सांगून परत पाठवतो.