बोटाला चार टाके

गुरुजी खुर्चीवर बसायच्या आधी टॉवेलची चौघडी टाकतात, हे मला लेकीनं सांगितलं. खुर्ची लोखंडी, डोक्यावर पत्रा आणि एप्रिल महिना. बाईंच्या खुर्चीचा स्पंज फाटून बाहेर आलाय, तो रोज हातानं आत ढकलून त्या बसतात, हेही तिनंच पाहिलेलं. तिचं चौथीचं वर्ष संपत आलं होतं. आमच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंतच, पुढं पोरं बाहेरगावच्या शाळेत जाणार. वर्गात सातजणं, पाच मुली आणि दोन मुलगे. जायच्या आधी त्यांना गुरुजींना आणि बाईंना काहीतरी द्यायचं होतं.

विकतचं चालणार नव्हतं. आदल्या वर्षी एका पालकानं दिलेला शर्टपीस गुरुजींनी हात जोडून परत केला होता. जिल्हा परिषदेच्या नोकरांना भेटवस्तू घेण्यावर वर्तणूक नियमांचं बंधन असतं, आणि आमचे गुरुजी ते मनापासून पाळतात. तेव्हा लेक म्हणाली, बसकर शिवू. मला बसकर शिवता येत नव्हतं. म्हणून आम्ही काकींकडे गेलो.

ताम्हिणीच्या रस्त्याला, धरणाच्या अलीकडे आमचं गाव आहे. होळी झाली की इथल्या ओट्यांवर गोधड्या पसरतात. मृगाच्या आत त्या शिवून, धुऊन, कडक उन्हात वाळवून घडीत जायला हव्यात. एकदा पाऊस लागला की लावणी, आणि मग कुणाला सुई हातात धरायला सवड नसते. याच दिवसांत शेतात राब भाजतात. भाताची रोपं टाकायच्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, तोडलेल्या फांद्या पसरून पेटवतात. तो धूर दिवसभर खाली रेंगाळतो आणि ओट्यावरच्या कापडात शिरतो. मी पुण्यातून इथं राहायला आले, त्याला सहा वर्षं झाली. तो वास आला की मला आता शेत आठवत नाही, काकींचा ओटा आठवतो.

काकी साठीच्या पुढच्या. गावातल्या निम्म्या घरांत त्यांच्या हातची गोधडी आहे. आम्ही काय मागतोय ते ऐकून घेतल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "किती नग?"

"दोन," लेक म्हणाली.

"आन खिचडी कोन घालतं तुम्हास्नी?"

खिचडीच्या मावशी चुलीपाशी विटेवर बसतात. शाळेच्याच आवारात अंगणवाडी आहे. तिथल्या ताईंनी आणि मदतनीस मावशींनी या सातही जणांना हात धरून गिरवायला लावलं, नाक पुसलं, झोपवलं. काकींनी बोटांवर मोजलं आणि पाच नग ठरले.

कापड पोरांनी आणलं. प्रत्येकानं आपला आखूड झालेला गणवेश आणला, तिसरीतला, दुसरीतला, एकीनं तर पहिलीतला. काकींनी तो अंगठा आणि तर्जनीत चोळून पाहिला आणि बाजूला ठेवला. "ह्ये टेरिकॉट. वर घातलं तर गुरुजी घामानं चिकटतील. घाम पेतं ते सुती." पोरांचे चेहरे पडले. त्यांना गणवेश दिसायला हवा होता. शेवटी असं ठरलं की गणवेशाचं कापड खालच्या बाजूला आणि चार बोटं रुंदीची कड म्हणून चहूबाजूंनी, आणि बसायची जागा लुगड्याची. लुगडं काकींनी ट्रंकेतून काढलं. त्यांच्या सासूबाईंचं, हिरवं, सुती, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. घडी उलगडली तशी आतून धुराचा वास आला, राबाचा नव्हे, चुलीचा, जुना.

शाळेत कार्यानुभवाच्या तासाला याला टाकाऊतून टिकाऊ म्हणतात. मला ते नाव कधी पटलं नाही, आणि त्या दुपारनंतर तर मुळीच नाही. ते लुगडं टाकाऊ नव्हतं. काकींनी ते वीस वर्षं जपून ठेवलं होतं आणि कुठं लावायचं याची वाट पाहिली होती. त्यातून पाच बसकरांचे वरचे थर आणि आतले दोन-दोन थर निघाले. उरलेला पदर त्यांनी पुन्हा घडी घालून ट्रंकेत ठेवला.

कापणं, थर लावणं, कडा आत मुरडणं आणि कच्चा दोरा घालणं एका दुपारीच झालं. मग चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, तांब्या आणि एक वीट ठेवून काकींनी पहिला थर ताणला आणि सुई लावली. अंगुस्तान त्या वापरत नाहीत. तर्जनीला लुगड्याचीच एक चिंधी गुंडाळतात. त्यांना आता सुईचं नेढं दिसत नाही, म्हणून दोरा ओवायचं काम पोरांकडे. सात सुया ओवून ओट्याच्या कडेला असलेल्या खांबाच्या भेगेत टोचून ठेवलेल्या असत. एक संपली की काकी न बघता दुसरी उपटत.

दोरा बाहेरून आत जातो. आधी कडेची रांग चारी बाजूंनी पुरी करायची, मग तिच्या आत एक बोट सोडून दुसरी, मग तिसरी, असं मध्याकडं. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायकांची कवंदही अशीच कडेकडून आत शिवली जाते. बंगालचा कांथा जुन्या सुती साड्यांचाच आणि धावदोऱ्याचाच, पण त्यात दोरा चित्रं काढत फिरतो. आमच्याकडे चित्र नसतं. आमच्याकडे रांग सरळ गेली की नाही, एवढंच बघतात. वरवर पाहता हे काम साधं वाटतं, आणि शहरातल्या दुकानांत मशीननं मारलेल्या शिवणीच्या दुलयांवर गोधडी असं लिहिलेलं बघून ते तसं वाटणं साहजिकच आहे. मशीनची शिवण मात्र कापडाला आवळते. हातचा टाका थरांना एकमेकांवर थोडं सरकू देतो, म्हणून गोधडी अंगावर पडते, दुलई अंगावर उभी राहते.

"बोटाला चार टाकं," काकी म्हणाल्या. म्हणजे एका बोटाच्या रुंदीत चार टाके बसले पाहिजेत. तीन नाही, पाच नाही. तीन घातले तर पायाचं बोट अडकून दोरा ओढला जातो, पाच घातले तर कापड ताठरतं. हा हिशोब त्यांना सासूबाईंनी दिला, सासूबाईंना त्यांच्या सासूनं. ती बाई धरणाखाली गेलेल्या एका गावातली. त्या धरणाविरुद्धच्या मुळशीच्या सत्याग्रहाला सुरुवात झाली १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, म्हणजे याच दिवसांत, राब भाजायच्या आणि गोधड्यांच्या दिवसांत. पांडुरंग महादेव बापटांना सेनापती हे नाव त्याच लढ्यानं दिलं. टाटांचं धरण झालं, पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरून वीज करू लागलं, आणि भाताची खाचरं असलेलं खोरं बुडालं. त्या गावातलं काकींच्या घरात काय उरलंय, असं मी विचारलं. त्यांनी थोडा विचार केला आणि बोट पुढं केलं. बोटाला चार.

मी घरी येऊन वहीत हिशोब मांडला. बसकर साधारण ४० सेंटिमीटर लांब-रुंद. काकींचं बोट दोन सेंटिमीटर. एका बोटाच्या अंतरानं आत आत जायचं तर दहा रांगा होतात, पहिलीची प्रत्येक बाजू ४० सेंटिमीटरची, शेवटचीची ४ सेंटिमीटरची. सगळ्या बाजू मिळून ८८० सेंटिमीटर, म्हणजे ४४० बोटं, आणि बोटाला चार टाके धरले तर १७६० टाके. पाच बसकरांचे ८८००. गोधडी माणसाच्या उंचीची असते. तिच्या टाक्यांचा हिशोब करायला मी पुन्हा वही उघडली आणि मिटली. गिऱ्हाईक गोधडी विचारताना आधी किंमत विचारतं, मग लगेच म्हणतं, जुन्याच तर साड्या आहेत. साड्या जुन्या असतील. टाके जुने नसतात. प्रत्येक टाका त्या दिवशी, त्या बोटानं, नव्यानं घातलेला असतो, आणि तो मोजून त्याचे पैसे कुणी कधी दिलेले नाहीत. आम्ही पालकांनी काकींना मजुरी दिली ती दिवसाच्या हिशोबानं. त्यांनी दोनदा नको म्हटलं. मी ऐकलं नाही, आणि मी ऐकायला नको होतं यावर मी आजही ठाम आहे.

दहा रांगांची वाटणी पोरांनीच केली. बाहेरची रांग काकींची, कारण ती कड धरते. सगळ्यांत आतली काकींची, कारण ती मिटवायला हात लागतो. मधल्या सात पोरांच्या, प्रत्येकाची एक, चिठ्ठ्या टाकून. एक उरली ती मला मिळाली. पाचही बसकरांवर हाच क्रम ठेवला, म्हणजे सगळ्यांचा हात सगळ्यांना पोचेल. शाळा सकाळची होती. जेवून, ऊन थोडं कलल्यावर पोरं ओट्यावर येत. दोन मुलग्यांपैकी एकाला आधी लाज वाटत होती. तिसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी येऊन सुया ओवून बसलेला दिसला.

माझी पहिली रांग झाल्यावर काकींनी तिच्यावर बोट ठेवलं आणि सरकवत नेलं. चार, चार, तीन, तीन, चार, तीन. मग सुईच्या टोकानं त्यांनी ती सगळी उसवली. उसवलेल्या दोऱ्याचे तुकडे उचलून एका पत्र्याच्या डबीत टाकले. त्या डबीत त्या सगळ्यांचेच दोरे टाकत होत्या, गाठ मारून तोडलेली टोकं, उसवलेले तुकडे, काहीही. मी पुन्हा रांग घातली. पुन्हा दोन ठिकाणी उसवली गेली. माझ्या शेजारी बसलेल्या मुलाची रांग तर उतारावरच्या पायवाटेसारखी गेली होती, कुठं बोटाला दोन टाके, कुठं सहा. काकींनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि पुढं गेल्या.

मी म्हटलं, काकी, त्याची नाही उसवली.

"ती कशाला उसवू? ती त्याची हाय." आणि मग माझ्याकडे बघून, "तुमी मोठ्या हाय ना ताई."

मी यावर बरेच दिवस विचार केला. मोठ्या माणसानं केलेलं काम नीट असलं पाहिजे, त्याला सूट नाही. पोराचं काम पोराचं दिसलं पाहिजे, त्याला सुधारणा नाही. आम्ही शिकलेले लोक बरोबर उलटं करतो. प्रकल्पाच्या वहीत मुलांची चित्रं आपण काढून देतो, प्रदर्शनात मांडायच्या वस्तूला शेवटचा हात आईचा असतो, आणि आपल्या स्वतःच्या कामात मात्र चालतंय की म्हणून सोडून देतो.

शेवटच्या दिवशी पाचही बसकरांच्या मधोमध हाताच्या तळव्यात मावेल एवढी जागा उरली. काकींनी सुई थांबवली. गोधडी असती तर मिटवायच्या आधी तिथं भाकरीचा तुकडा आणि चिमूटभर साखर ठेवली असती, असं त्यांनी सांगितलं. गोधडीचं पोट उपाशी ठेवून मिटवायचं नाही. पण हे बसकर. यावर माणूस बसणार. अन्नावर कसं बसायचं?

पोरांनी सुचवायला सुरुवात केली. खडू. त्याची भुकटी होईल. शाळेच्या बागेतलं फूल. ते कुजेल. एकीनं पाच रुपयांचं नाणं काढलं, तर बाकीचे म्हणाले, ते टोचेल आणि गुरुजी परत करतील. काकी ऐकत होत्या. मग त्यांनी ती पत्र्याची डबी उघडली, आतला दोऱ्यांचा गुंता बाहेर काढला, त्याचे पाच भाग केले, तळव्यावर चोळून प्रत्येकाची चपटी गादी केली. त्यात सातांच्या तोडलेल्या गाठी होत्या, माझे उसवलेले टाके होते. एकेक गादी त्यांनी लुगड्याच्या थराखाली सरकवली आणि दोरा मिटवला. शेवटची गाठ त्या दातानं तोडतात. तोडलेलं टोक टाकायला डबीकडे हात गेला, पण ती आता रिकामी होती. तरी त्यात टाकलंच.

१ मे रोजी झेंडावंदन झालं, निकालपत्रकं वाटली, आणि सातजणांनी पाच बसकरं पुढं आणली. खिचडीच्या मावशींनी आपलं छातीशी धरलं. त्यावर बसणार नाही, असं त्या म्हणाल्या. बाईंनी लगेच खुर्चीवर टाकून, बसून दाखवलं. गुरुजींनी दोन्ही हातांत घेऊन उलटसुलट पाहिलं. खालची बाजू गणवेशाची आहे हे कळल्यावर ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, हे मी घेत नाही, शाळा घेतेय. जडसंग्रह नोंदवहीत चढवतो, बसकर, नग पाच.

खुर्चीवर ते घालून झाल्यावर त्यांनी पुन्हा उचललं आणि दुसऱ्या रांगेवर बोट ठेवलं. चार वर्षं त्यांनी या सातांच्या वह्या तपासलेल्या. बोट सरकवत त्यांनी एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. ज्याचं नाव येई तो जागच्या जागी उडी मारी. उतारावरच्या पायवाटेला तर त्यांना क्षणही लागला नाही. सातही बरोबर आली. माझ्या रांगेवर ते थोडे थबकले आणि माझ्याकडे बघून हसले. मग बोट सगळ्यांत आतल्या, छोट्या चौकोनावर आलं. तिथं ते चारी बाजूंनी फिरलं आणि पुन्हा एकदा फिरलं.

"ही कुणाची?" त्यांनी विचारलं.

काकी दाराशी उभ्या होत्या, डोक्यावर पदर, हातात विळा. त्या राबाकडे निघालेल्या. त्यांच्या लुगड्याचा वास तिथवर येत होता.